नाण्याखालचा उजेड

कॉपर नॅरोज गावच्या आइस हॉकीच्या बर्फाच्या मैदानात ओन्नी कार्पेलाची खोली कोपऱ्यातल्या लाकडी कठड्याला पाठ लावून होती. खेळाडू एकमेकांना कठड्यावर आपटत तेव्हा त्याच्या फळीवरचे डबे उड्या मारत. अठरा वर्षं तो त्या भिंतीचं ऐकत आला होता. खांदा आपटला की एक आवाज, पाठ आपटली की दुसरा. डोकं आपटलं की भिंत हलायची नाही, फक्त टक् व्हायचं. तो टक् आला की ओन्नी चाक थांबवायचा. लोकांच्या ओरड्यावरून पलीकडचा उठला असं कळेपर्यंत हात तसाच धरून ठेवायचा, आणि मग पुन्हा कामाला लागायचा.

काम एकच, स्केटच्या पात्यांना धार लावायचं. गावात धारेचं चाक एकच, आणि ते ओन्नीचं.

तरुणपणी तो स्वतः आपटणाऱ्यांतला. निकेलच्या खाणीच्या संघात आठ हिवाळे खेळला, पण गोल मोजून सहा केले असतील. त्याला ठेवला होता तो ठोसे मारायला. उजव्या हाताची बोटं दोन-दोनदा मोडलेली, एक कान कोबीच्या गड्ड्यासारखा झालेला, पुढचे दात सत्ताविसाव्या वर्षीच कवळीचे, रात्री काढून ठेवायचे. एकदा त्यानं समोरच्या माणसाला इतकं मारलं होतं, की त्याचा दात ओन्नीच्याच मुठीत रुतून राहिला. डॉक्टरनं चिमट्यानं काढला तेव्हा लोकांनी तो दात मागून नेला. खाणावळीत कित्येक वर्षं काचेच्या पेल्यात होता.

त्याच्या शेवटाची गोष्ट मात्र मारामारीची नाही. तेव्हा चाकावर म्हातारा पेत्रो बसायचा. स्केटचं पातं विळीसारखं एकाच धारेचं नसतं. त्याच्या तळाला मधोमध एक बारीक पन्हळ असते आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन कडा. पन्हळ खोल तितक्या कडा टोकदार आणि तितकं पातं बर्फात रुततं. हलक्या पोराला ते चालतं. जड माणसाला पन्हळ उथळच हवी, कारण त्याचं वजनच पातं आत दाबतं. थांबताना पातं बर्फावरून आडवं घसरायला हवं. ते रुतून बसलं तर पाय जागच्या जागी राहतो आणि माणूस पुढे जातो. पण खेळणाऱ्यांची एक खोड आहे, आणि ती त्या मुलखातल्या प्रत्येकाची आहे. धार जास्त झाली असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. सगळे अजून मागतात.

ओन्नीनंही मागितली. पेत्रो नको म्हणाला. ओन्नीनं त्याला त्याच्या आईवरून शिवी दिली. पेत्रोनं लावून दिली. त्याच संध्याकाळी एकाच्या मागे सुसाट जाऊन ओन्नी थांबला. पाय थांबला, ओन्नी थांबला नाही. बुटाच्या बरोबर वर, ओलं फाटं मोडावं तसं नडगीचं हाड मोडून मोज्यातून बाहेर आलं. पाय बोटभर आखूड झाला. तेव्हापासून त्याच्या डाव्या बुटाला जाड तळवा. पेत्रो इस्पितळात येऊन रडला आणि म्हणाला, "तू मागितलीस म्हणून मी दिली. मी नाही म्हणत राहायला हवं होतं." मग त्यानंच ओन्नीला चाकाशी बसवलं.

पेत्रोनं दोन रीती घालून दिल्या होत्या. पाहुण्या संघाचे स्केटही इथेच, त्याच चाकावर, तितक्याच मायेनं. आणि खेळाडूनं धार लावणाऱ्यासमोर पातं तपासायचं नाही. तपासायची एक सोपी पद्धत सगळ्यांना ठाऊक होती. पात्यावर आडवं नाणं ठेवायचं, ते एका अंगाला कललं तर एक कड दुसरीपेक्षा उंच. पण ते घरी जाऊन करावं. तोंडावर नाणं ठेवणं म्हणजे त्याला चोर म्हणणं. या दोन रीतींपायीच दोन गावांची माणसं रात्रभर एकमेकांची तोंडं फोडूनही दुसऱ्या सामन्याला त्याच खिडकीत स्केट ठेवून जात.

दुसऱ्या गावच्या, पाइन पोर्टाजच्या कागदगिरणीचा मर्डो मॅकास्किलसुद्धा ठेवायचा. मर्डो म्हणजे दोनशे चाळीस पौंडांचा बैल. गिरणीत ओंडके ओढायचा आणि मैदानावर माणसं. पहिल्यांदा आला तेव्हा दोन मापं मोठे बूट आणि आत लोकरीचे दोन-दोन मोजे घालून आला होता.

ओन्नी तेव्हा म्हणाला होता, "हे बूट आहेत का बादल्या? पाय आत पोहतोय तुझा."

"दुखत नाही ना पण, काका."

"दुखत नाही म्हणूनच पडतोस. मोजा एकच घाल, तोही पातळ. उभा राहिलास की अंगठा पुढे नुसता टेकला पाहिजे, गुडघा वाकवलास की सुटला पाहिजे. टाच मात्र हलता कामा नये. आठ दिवस मला शिव्या घालशील, मग विसरशील."

मर्डोनं शिव्या घातल्या आणि विसरला. तेव्हापासून ओन्नीला तो मानाने काका म्हणायचा. "माझे पाय तुम्ही शिकवलेत," म्हणायचा. त्या पायांच्या जोरावर त्यानं कॉपर नॅरोजची अर्धा डझन पोरं इस्पितळात घातली. डोक्यावर टोप घालणं तेव्हा बायकी समजत.

त्या मार्चमध्ये दोन गावांमध्ये सात सामन्यांची झुंज लागली होती. तिसऱ्या सामन्यात ओन्नीचा जावई, त्याच्या हेल्मीचा नवरा लुसियन, मर्डोच्या पाळतीवर होता. लुसियन काही साधू नव्हता. पंचाची पाठ वळली की काठी मर्डोच्या पोटरीवर, जिथे गादी नसते तिथे. दोनदा मारली. तिसऱ्यांदा मर्डो वळला आणि त्यानं काठी खांद्यावरून कुऱ्हाडीसारखी आणली.

ओन्नीनं भिंतीतून टक् ऐकलं. चाक थांबवलं. हात धरून बसला. लोकांचा ओरडा यायला हवा होता, तो आलाच नाही. मैदानात हजार माणसं होती आणि भिंतीपलीकडे शांतता होती. कुणीतरी दार उघडून म्हणालं, "ओन्नी, हेल्मीला धर येऊन. लुसियनचा डोळा गालावर आलाय."

मर्डोला पाच मिनिटं बाहेर बसवलं. लुसियनचा डोळा काढला. एका डोळ्याच्या माणसाला खाणीत खाली सोडत नाहीत. तो स्वयंपाकघरात बसून राहायचा आणि हेल्मीनं पुढे ठेवलेल्या कपाच्या बाजूला कॉफी ओतायचा.

दोन्ही गावांनी तीन-तीन सामने जिंकले. सातवा कॉपर नॅरोजला. दुपारी पाइन पोर्टाजची बस आली आणि मर्डोचे स्केट खिडकीत आले. वाटेत कुठेतरी दगडावरून चालला होता, उजव्या पात्याला खाचा पडल्या होत्या. तो स्वतः आला नाही, जोडीदाराकडून पाठवले.

ओन्नीनं ते बाजूला ठेवले तेवढ्यात हेल्मी आली. हातात वाटाण्याच्या सूपचा डबा होता. तिनं स्केट ओळखले. टाचेपाशी मर्डोनं आपल्या नावाचं पहिलं अक्षर कोरलेलं होतं.

"बाबा, याची एक कड बोथट करा."

"नाण्यावर कळतं ते."

"मग नाण्यावर कळणार नाही असं करा. तुम्हाला येतं. मला ठाऊक आहे, तुम्हाला येतं."

"हेल्मी, घरी जा."

"घरी काय आहे?" ती म्हणाली. "घरी तो बसलाय, मला अर्धीच बघत. सूप गरम आहे तोवर खा."

ती गेली. पाठोपाठ संघाचा मास्तर क्लेम डोकावला, स्केटकडे बघितलं. नुसतं दार हळूच ओढून घेतलं, जसं कुणी पूजेला बसलं की ओढून घेतात.

मर्डोची पन्हळ सहा सुती असायची. चाकाची गोलाई जितकी, तितकी पन्हळ; सुतांचा आकडा जितका लहान, तितकी ती खोल. हिऱ्याच्या टोकाची सळई चाकावरून फिरवून ती गोलाई ठरवायची. ओन्नीनं सळई तीन सुतांवर लावली. गवरीएवढं वजन असलेल्या बारीक पोराला देतात तशी. ठिणग्या उडाल्या. तो एकेक पातं चाकावरून नेत राहिला, सावकाश, एका दमात. दोन्ही कडा केसभर फरकाशिवाय सारख्या. तेलाच्या दगडानं कडांवर राहिलेली धातूची बारीक कूस उतरवली. आयुष्यात इतकं देखणं काम त्याच्या हातून क्वचितच झालं होतं. अंगठ्याचं नख कडेवरून नेलं तर नखाची भुकटी पडली.

सरावाच्या फेऱ्यांत मर्डोला पायाखाली जोर वाटेल, तो खूष होईल. मग खेळाच्या भरात कुणाला तरी चिरडायला सुसाट येईल आणि थांबेल. बूट तर नेमका बसलेला. ओन्नीनंच बसवलेला. टाच तसूभर हलणार नाही. सगळा मार बुटाच्या वरच्या हाडावर.

चारच्या सुमारास मर्डो स्वतःच न्यायला आला. ओठ फुटलेला, भुवईवर टाके.

"झाले, काका?"

"झाले."

त्यानं ते लेस धरून खांद्यावर टाकले. पात्याकडे बघितलंसुद्धा नाही. दारात थांबला. "लुसियनला..." म्हणाला, आणि मान हलवून निघून गेला.

ओन्नीनं सूपचा डबा उघडला. खाववेना. उठायला म्हणून त्यानं डावा पाय टेकला आणि रोजच्यासारखा आधी तो जाड तळवा जमिनीला लागला. पेत्रोनं मला दिली ती मी मागितली म्हणून, आईवरून शिवी दिली म्हणून. तरी तो इस्पितळात येऊन रडला. ह्यानं तर मागितलीही नव्हती. ह्यानं बघितलंसुद्धा नाही.

डबा तसाच ठेवून तो निघाला. लंगडत, मग जवळजवळ धावत.

पाहुण्यांच्या खोलीत वीस माणसं अर्ध्या कपड्यांत बसली होती. मलमाचा आणि घामाचा वास. मर्डोच्या एका पायात स्केट बांधलेला, दुसरा शेजारी बाकावर.

"मर्डो, ते परत दे. माझी चूक झालीय."

सगळे थांबले. "बघा रे, सासरेबुवा आले," कोणी म्हणालं.

"कसली चूक?" मर्डोनं विचारलं.

"पन्हळ खोल गेलीय. थांबताना पाय जाईल तुझा."

मर्डोनं एका जोडीदाराकडून नाणं घेतलं आणि ओन्नीच्या डोळ्यांदेखत बाकावरच्या पात्यावर आडवं ठेवलं. अठरा वर्षांत ओन्नीसमोर कुणी असं केलं नव्हतं. नाणं सपाट राहिलं.

"जराही कललं नाही," मर्डो म्हणाला. मग नखानं कड बघितली. "आणि अशी धार मला तुम्ही आजवर दिलेली नाही."

"तेच सांगतोय. जास्त झालीय."

खोलीभर हसू फुटलं. गोलरक्षक मांडीवर थाप मारून म्हणाला, "धार जास्त झाली म्हणून परत न्यायला आलाय! उद्या म्हणेल, तुमची बायको जास्त देखणी आहे, आणा इकडे!"

"तिकडे नेऊन बोथट करून आणेल," दुसरा म्हणाला. "त्याच्या मास्तरनं पाठवलाय."

मर्डो हसला नाही. "काका, जा. माझा हात उठायच्या आत जा."

ओन्नीला बोलता कधीच यायचं नाही. त्यानं मग बाकावरचा स्केट उचलला, पातं खाली धरून सिमेंटच्या उंबऱ्यावर दाबलं आणि सगळं अंग टाकून ओढलं. ठिणग्या उडाल्या. ते देखणं काम एका हिसक्यात करवतीसारखं झालं.

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग मर्डो आला. पहिला ठोसा कानावर, त्या कोबीच्या कानावर. दुसरा बरगडीत, आणि ओन्नीला आतून काही तुटल्याचं स्पष्ट ऐकू आलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं मूठ वर केली नाही. स्केट पोटाशी धरून तो गुडघ्यांवर बसला. पातं त्याच्याच तळहातात शिरलं. कुणीतरी सोड, सोड म्हणत त्याच्या डाव्या हातावर काठी आपटत होतं. तिसऱ्या फटक्याला दोन बोटं उलटी झाली. नाकातून रक्त धारेनं बाकाखाली चाललं होतं.

त्यानं मान वर केली. दातांची कवळी जमिनीवर पडली होती, त्यामुळे शब्द फुसफुसत आले.

"गावात चाक एकच आहे. आता पायातलाही काढून आण. नाहीतर तोही घासतो."

मर्डोनं पायातला स्केट काढला आणि त्याला कॉलरला धरून त्याच्याच खोलीत ओढत नेलं. दार लावलं. एक पंजा ओन्नीच्या मानेवर ठेवला आणि तो तिथेच राहिला.

"लाव. एक जरी कड चुकली, तर मान याच चाकावर धरेन."

ओन्नीनं मोडलेली बोटं चिकटपट्टीनं शेजारच्या बोटाला बांधली. मग स्केट न उचलता हिऱ्याची सळई घेतली.

"हे काय करतोस?" मर्डोच्या तोंडचं तुम्ही गेलं होतं.

"चाकाची गोलाई बदलतोय. मघाशी तीन सूत ठेवली होती."

"मला? तीन?"

"तुला."

"चुकून?"

चाक फिरत होतं. तळव्यातलं रक्त त्यावर पडून दोघांच्या सदऱ्यांवर बारीक तुषार उडत होते. चुकून म्हटलं असतं तर निभावलं असतं. पाहुण्यांच्या खोलीत तर तो तेच म्हणाला होता.

"नाही," ओन्नी म्हणाला. "मुद्दाम."

मानेवरचा पंजा आवळला. ओन्नीच्या डोळ्यांपुढे आधी लाल आलं, मग काळं. हात मात्र त्यानं सळईवरून काढला नाही. काढला असता तर गोलाई बिघडली असती. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग पंजा सैल झाला.

"लाव," मर्डो म्हणाला.

दोन्ही पाती सहा सुतांवर आणायला चाळीस वेळा चाकावरून न्यावी लागली. मर्डोनं ती घेतली, नाणं ठेवलं, बघितलं आणि थुंकून निघून गेला. ओन्नीच्या पायाशी थुंकला.

डॉक्टरकडे न जाता तो भिंतीला कान लावून बसला. पलीकडे त्या रात्री कत्तल चालली होती. मर्डो वेडा झाला होता. पहिल्या दहा मिनिटांत कॉपर नॅरोजचे दोघे उचलून नेले. खांदा, पाठ, खांदा, टक्. दोनदा टक्. दोन्ही वेळा ओन्नी श्वास धरून बसला. ती सगळी पोरं त्याच्या ओळखीची होती, त्यांचे पहिले बूट त्यानं बसवले होते, आणि त्यांना आपटणारे पायही त्यानंच शाबूत ठेवले होते. मग लांबून एक जड घरघर जवळ आली, सुसाट, थेट भिंतीवर. ओन्नीनं डोळे मिटले.

खर्रर्र. खवणीवर खोबरं ओढावं तसा लांबलचक, स्वच्छ आवाज. पातं आडवं घसरलं होतं. बर्फाचा कीस कठड्यावर सपकन आदळला. मर्डो थांबला आणि वळून गेला.

कॉपर नॅरोज पाच-तीनने हरलं.

असल्या गोष्टी गावात लपत नाहीत. दुसऱ्या सकाळी ओन्नीच्या खिडकीतून वीट आत आली. क्लेमनं मैदानात सगळ्यांसमोर त्याच्या मुस्काटात मारली, सुजलेल्या बाजूला. ओन्नी म्हणाला, "बरं." हेल्मी तेवढी घरी आली. त्याची बोटं बघितली.

"त्याचा डोळा गेला, आणि तुम्ही त्या बैलाचा पाय वाचवलात."

"वाचवला नाही, पोरी. मोडायलाही मीच काढला होता."

"मग मोडू द्यायचा होता." असं म्हणून ती गेली ती उन्हाळाभर आली नाही. लुसियन मात्र एकदा आला, सौनाच्या वाफेच्या खोलीत शेजारी बसला. गरम दगडांवर पाणी टाकताना त्याचं निम्मं पाणी बाजूला पडलं. "मी त्याला दोनदा मारलं होतं," तो म्हणाला. "ते कुणी बोलत नाही." आणि पुन्हा पाणी टाकलं.

पुढल्या नोव्हेंबरात पाइन पोर्टाजची बस आली. पाहुण्यांपैकी कुणीच खिडकीत स्केट ठेवले नाहीत. पाती गंजकीच घेऊन खेळले, पडले. दुसऱ्या खेपेला मर्डो एकटा आला. स्केट आदळून उभा राहिला. पूर्वी पाठ करून उभा राहायचा, या वेळी चाकाकडे तोंड करून. ओन्नीनं सहा सुतांची धार लावून दिली. वाकडी जुळलेली दोन बोटं मध्ये येत होती, म्हणून वेळ लागला. मर्डोनं खिशातून नाणं काढलं आणि सगळ्यांदेखत पात्यावर आडवं ठेवलं. रांगेतला एकजण, कॉपर नॅरोजचाच, हळूच शिवी हासडता झाला.

"तसं नाही कळायचं," ओन्नी म्हणाला.

"काय नाही कळायचं?"

"नाणं सपाट तर त्या दिवशीही राहिलं होतं. इकडे ये. दिव्यासमोर धर. आता पात्याच्या टोकाकडून, नाण्याच्या खालून बघ. काय दिसतं?"

मर्डोनं एक डोळा मिटला. "उजेड. एक रेघ."

"केसाएवढी?"

"त्याहून बारीक."

ओन्नीनं फळीवरून दुसरं एक पातं काढलं. कुणा हलक्या पोराचं, तीन सुतांचं. त्यावर तेच नाणं ठेवून दिलं. "आता हे."

मर्डो बराच वेळ बघत राहिला. दोन्ही पाती आळीपाळीनं धरली. रेघ जाड होती. लपून राहण्यासारखी नव्हतीच, बघायला कुणी शिकवलं नव्हतं इतकंच.

"हे तू मला दाखवतोयस," तो म्हणाला.

"हो. पुन्हा कधी रेघ जाड दिसली, तर स्केट माझ्या तोंडावर फेकून मार."

मर्डोनं नाणं खिशात टाकलं, स्केट खांद्यावर टाकले. काका म्हणाला नाही, पुढेही कधी म्हणाला नाही. पण त्या हिवाळ्यात तो दर खेपेला यायचा, दिव्यासमोर पातं धरून बघायचा, आणि ओन्नी चाक थांबवून, मान खाली घालून, त्याचं बघून होईतो उभा राहायचा. दोन महिन्यांनी पाइन पोर्टाजची बाकीची माणसंही येऊ लागली. मग कॉपर नॅरोजची पोरंही नाणी काढू लागली. पेत्रोची रीत मोडली. ओन्नीनं दिवा खिडकीच्या आणखी जवळ टांगला.